उलटा टांगलेला माणूस आणि आमची लिफ्ट

आमचं ऑफिस कोलकात्यात एस्प्लनेडला, एका जुन्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. मी पुण्याहून बदली होऊन तिथे रुजू झाले, तेव्हा शेजारच्या टेबलावर एक बंगाली बाई बसत. निवृत्तीला वर्ष उरलेलं, गुडघे गेलेले. सगळे त्यांना दीदी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या खणात फाइलींच्या खाली भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा एक जुना जोड होता. दुपारचा डबा संपला की त्या एकेक पत्ता काढून मला त्याचा अर्थ शिकवत, हिंदीत सुरुवात करून बंगालीत संपवत.

"हा मृत्यूचा पत्ता," त्या म्हणाल्या. "हा निघाला तर समोरच्याला आधी पाणी द्यायचं. मग सांगायचं, काहीतरी संपेल आणि नवं सुरू होईल. माणूस मरेल असा अर्थ कधीच लावायचा नाही."

"आणि तो खरंच मेला तर?"

"तर तक्रार करायला येत नाही."

महिन्याभरात तो जोड आणि पत्ते मांडायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. इथल्या प्रत्येकाच्या घरच्या भानगडी त्यांना ठाऊक होत्या, त्यामुळे त्या काहीही बोलल्या तरी लोकांना टोमणा वाटायचा. "तू परकी आहेस," त्या म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास ठेवतील." ठेवलाही. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा प्लॉट, कुणाचं प्रमोशन. मी अर्धवट बंगालीत सांगायचे आणि उरलेला अर्धा अर्थ ज्याचा तो भरून घ्यायचा.

मग बदल्यांचे दिवस आले आणि एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. साहेब नागपूरचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"हे बघा मॅडम, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही."

"बरं सर."

"मिसेसचा आहे. मुलगी पुण्यात असते आमची. बदली तिकडे होईल का, एवढंच मिसेसना जाणून घ्यायचंय."

पत्ते मी पर्समधून काढायच्या आत त्यांनी टेबलावरच्या फाइली बाजूला सारून जागा केली होती. मी पिसले, त्यांनी डाव्या हाताने एक ओढला. एका पायाने झाडाला उलटा टांगलेला माणूस. साहेबांचा चेहरा उतरला.

"सर, ही फाशी नाही," मी दीदींनी शिकवलं तसं म्हणाले. "तो स्वतःहून लटकलाय. चेहरा बघा, शांत आहे. अर्थ असा, की धडपड करू नये, घाईने काही करू नये."

"काही करू नये," साहेब म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. 'घाईने' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सही करणं बंद केलं. आलेली प्रत्येक फाइल ते मन लावून वाचत, एखादा प्रश्न काढत आणि पुन्हा खाली पाठवत. प्रश्न पडला नाही तर ती टेबलावरच राही. चौथ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीच्या मंजुरीची फाइल साहेबांकडे गेली आणि तिथे शांत पडली. जिना चढून आल्यावर साहेब सगळ्यांना ऐकवत, की यामुळे त्यांची शुगर आटोक्यात आलीय.

दीदींना चार मजले चढायला पाऊण तास लागायचा. प्रत्येक वळणावर त्या कठड्याला धरून उभ्या राहत. मी त्यांची पिशवी घेऊन मागे. तिसऱ्या मजल्यावर एकदा त्या पायरीवरच बसल्या, तेव्हा मला राहवलं नाही. केबिनमधली सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसता पदराने घाम पुसला.

"तूच लटकवलंस," त्या म्हणाल्या, "आता तूच उतरव."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पत्त्यांत लबाडी केली. रथाचा पत्ता वर ठेवून केबिनमध्ये गेले. "सर, मिसेससाठी आणखी एकदा बघू या का?" साहेबांनी नाही म्हटलं नाही.

"रथ निघाला सर," मी म्हणाले. "म्हणजे आता थांबायचं नाही. अडकलेली कामं मार्गी लावायची. ही लिफ्टचीच फाइल घ्या ना."

साहेबांनी पत्ता हातात घेऊन चष्मा वर केला. "याला चाकं आहेत."

"हो सर, रथ आहे तो."

"म्हणजे प्रवास. म्हणजे पुणं."

"पण त्याआधी इथली कामं..."

"छे, आता शेवटच्या घटकेला कशात हात घालून बिघडवायचं?"

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. साहेबांची बदली झाली होती, याच इमारतीत, तळमजल्यावरच्या अभिलेख विभागात. तिथल्या मॅडम चौथ्या मजल्यावर आल्या. पहिल्या दिवशी चढून आल्यावर त्यांना दहा मिनिटं बोलता येईना. बोलता आलं तेव्हा त्यांनी लिफ्टची फाइल मागितली आणि उभ्यानेच सही केली. आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. दीदी त्या दिवशी चहा प्यायलासुद्धा दोनदा खाली जाऊन आल्या.

तळमजल्यावर साहेब भेटले. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. पण ते खुशीत होते.

"पत्ता खरा ठरला बरं का. डोकं खाली, पाय वर. म्हणजे वरचा माणूस खाली येणार. इतकं सरळ होतं. तुम्ही अर्थ चुकीचा लावलात."

"चुकलं सर. मिसेस काय म्हणाल्या?"

"तिचा कुठे विश्वास आहे या गोष्टींवर," साहेब म्हणाले.

ही गोष्ट त्यांनीच इमारतभर पसरवली. मी घाबरले आणि दुपारी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाकलं, की मला यातलं खरोखर काही कळत नाही. आस्थापना विभागातला एक जण शेजारच्याला म्हणाला, "खऱ्या जाणकाराला गर्व नसतो, बघ." सोमवारी माझ्या टेबलापाशी सात जण उभे होते, त्यातले दोघे दुसऱ्या मजल्यावरच्या भलत्याच खात्याचे. लिफ्ट चालू असल्यामुळे त्यांना काहीच त्रास झाला नव्हता.