दस्तगीरचं नाक

२००१ साली दस्तगीर सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्या साली त्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवरच होतं, चांगलं लांबसडक. वास तेवढा गेला. गेल्या महिन्यात तो स्वतःच गेला. त्याच्या थोरल्या पोरीचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो, कप तसाच राहिला... मातीला जाऊन आलो. पुरवणीवाले म्हणाले, आण्णा, तुमच्या जोडीदारावर लिहा. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण त्याच्यावर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून लिहितो.

मंगळवार पेठेत माझी प्लॅस्टिकचे पार्ट काढायची शेड होती. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची झाकणं आम्ही करायचो. माल भंगारातला, फुटके टीव्ही-रेडिओ दळून केलेला काळा दाणा. पोत्यात काय आहे ते व्यापारी सांगेल त्यावर भरवसा ठेवून चालत नाही. झाकणाला एबीएस लागतं, ते चिवट. त्याजागी स्टायरीन आलं तर झाकण काचेसारखं टिचतं, आणि आत करंट, शेतकऱ्याचा हात ओला. दोन्ही दाणे दिसायला एक, जळताना धूरही दोन्हीचा काळाच. फरक वासात. दस्तगीर चिमट्यात दाणा धरायचा, पेटवायचा, फुंकर मारून विझवायचा आणि नाकाखालून फिरवायचा. जळक्या रबराचा वास आला तर एबीएस. गोडसर, झेंडू चुरगळल्यासारखा आला तर स्टायरीन. तो "आण्णा, परत पाठवा" म्हणाला की पोतं परत. व्यापारी तणतणायचे. तणतणू देत.

त्या थंडीत तो तापानं पडला. उठून कामावर आला आणि पहिल्यासारखा दाणे जाळू लागला. एक दिवस पॅकिंगच्या बाया ओरडायला लागल्या. स्क्रू आवळला की झाकणाचा कोपराच उडत होता. मी ते पोतं ओढत त्याच्यापुढं आणलं.

"हे तू पास केलंस?"

"व्हय."

"परत बघ."

त्यानं दाणा पेटवला, विझवला, नाकाशी धरला. "एबीएसच की."

मी चार हात लांब उभा होतो, तिथवर झेंडू येत होता... त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चिमटा खाली ठेवला.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तापापासनं. राजारामपुरीतल्या डॉक्टरला दावलं. म्हणला, वास येईल न्हाईतर न्हाईबी येणार, आन् हा धूर हुंगायचा बंद कर. घरात रस्सा कोमट पाण्यागत लागतोय, आण्णा. बायकोला वाटतंय मी रुसलोय."

"मला सांगायला काय झालतं?"

"काय सांगू? तुमी मला ठिवलाय ते नाकासाठी. हातपाय कुणाचंबी मिळत्यात."

मी भडकलो. "नाकच पायजे असतं तर तेवढंच ठेवून घेतलं असतं की! हा एवढा बडबड्या माणूस कशाला पोसला असता?"

बाया हसल्या. तो हसला नाही. हातोडा घेऊन बसला आणि त्या पोत्याची सगळी झाकणं स्वतः फोडली, एकही बाहेर जाऊ दिलं नाही. मग हात धुतले, डबा उचलला. "उद्यापासनं येत न्हाय. माझ्यापायी कुणाचातरी जीव जाईल." मी दारात आडवा उभा राहिलो, तर मला बाजूला सारून गेला. माझ्यापेक्षा हट्टी असा तो एकच माणूस मला भेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायला गेलो, तर हा कुलपासमोर उभा. डोळे सुजलेले, झोप झालेली नव्हती. म्हणाला, "काल झाकणं फोडताना त्यांचा आवाज ऐकला न्हाईसा? कुलूप काढा आधी." आत जाऊन त्यानं मशीन चालू केली, शिल्लक पोत्यांतला थोडा थोडा दाणा घालून प्रत्येकाचं एकेक झाकण काढलं, गार होऊ दिलं. मग स्टुलावर चढला, डोळे मिटले आणि एकेक झाकण शहाबादी फरशीवर टाकू लागला. बरीचशी थप्पकन पडली. एक पडलं ते टण्णकन, स्टीलच्या वाटीसारखं. त्यानं डोळे उघडले नाहीत, नुसता हात वर केला.

"हे पोतं परत पाठवा. आन् ती मशीन बंद करा आण्णा, ऐकू येईना झालंय."