जुने साहेब आणि नवी उपासना

जुने साहेब निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले, ते कायमचेच. अमरावतीच्या आमच्या लहानशा लूथरन मंडळीचे पाळक म्हणून त्यांची हयात गेली होती. पंचांनी मानानं पुढं खुर्ची मांडली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाले, "मास्तर, सुनेच्या सयपाकात सासूनं डोकावू नाई. मीठ कमीजास्त झालं तरी गुपचूप जेवावं."

मीठ खूपच बदललं. नवे साहेब तरुण, कष्टाळू, मनानं चांगले. टाळेबंदीनंतर निम्मे बाक रिकामे राहू लागले होते, पोरं दुसरीकडच्या सभांना जात होती. म्हणून त्यांनी कीबोर्ड आणला, ड्रम आणला, भिंतीवर पडदा लावला. गीतांची पुस्तकं कपाटात गेली. वेदीपाशी पाळकानं एक ओळ गायची आणि मंडळीनं गाऊन उत्तर द्यायचं, ही आमची जुनी रीतही गेली. ज्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, त्या म्हाताऱ्यांनाही ती उत्तरं तोंडपाठ होती. आता ते नुसते उभे राहत.

माझी रूथआत्या गायकवर्गात पुढं उभी राहणारी. तिला हे सोसेना. एका संध्याकाळी ती चारपाच जणांना घेऊन जुन्या साहेबांकडे गेली. मीही सोबत होतो. साहेब सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून बसले होते.

"साहेब, सकाळी सात वाजता तुमी आमची जुनी उपासना घ्या," आत्या म्हणाली. "त्याईले नऊ वाजता त्याईचं करू द्या."

साहेबांनी पाय पाण्यातून काढून पुसले. मग म्हणाले, "एका घरात दोन चुली मांडून देऊ काय मी?"

"तुमाले तरी आवडते काय हे ढुमढुम?"

"नाई आवडत. डोकं दुखते माह्यं. थकलो मी, रूथबाई. पण थकलो म्हणून वाटणी करून देऊ काय?"

आत्यानं चर्चला येणं सोडलं. रविवारी तिच्या घरून साहेबांना डबा जायचा, तोही बंद झाला. साहेब स्वतःच खिचडी टाकू लागले. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मग तरुण मंडळी आली. त्यांचं म्हणणं, जुन्या उपासनेत जीव नव्हता, असं साहेबांनी एकदा पुढं येऊन सांगावं, म्हणजे म्हाताऱ्यांचं तोंड बंद होईल. साहेब म्हणाले, "त्याच उपासनेत तुमच्या मायबापाचं लगन लावलं मी. आता तिले मेलेली म्हणू?" पोरं नाराज होऊन गेली. दोन्हीकडचे लोक आता त्यांना टाळू लागले. "बरं झालं," ते मला म्हणाले, पण तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

एका दुपारी मी गेलो तर आतून नव्या गाण्याचा आवाज येत होता. साहेब मोबाइल कानाशी धरून एकेक ओळ घोकत होते. मोतीबिंदूमुळे पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नसत.

"साहेब, हे आवडायला लागलं?"

"नाई लागलं. पण सारे म्हणून राहिले, त् मी एकटा मुका काहून राहू?"

त्याच आठवड्यात मला म्हणाले, "मले रूथबाईकडे घेऊन चाल." मी त्यांना स्कूटरवर नेलं. आत्यानं चहा दिला, पण तोंड फिरवूनच. साहेबांनी कप खाली ठेवला आणि ते नवं गाणं म्हणायला सुरुवात केली. सूर कुठच्या कुठं. आत्यानं एक ओळ सहन केली, दोन केल्या.

"साहेब, बेसूर होऊन राहिले तुमी!"

"मंग सांग कसं म्हणाचं ते."

चर्चच्या मागंच तिचं घर, सरावाचं गाणं तिच्या कानावर रोज पडत होतं. तिनं पहिली ओळ म्हणून दाखवली, अगदी सुरात. मग पदरानं डोळे पुसले आणि चिडून म्हणाली, "चाल काई खास नाई." त्या रविवारी ती आली आणि साहेबांशेजारी बसली. पुढं दर रविवारी आली असं नाही. पण येत राहिली.

साहेबांच्या पायांनी मग पुरतीच साथ सोडली. मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. तिथं ते अंथरुणालाच खिळले. नवे साहेब मला म्हणाले, "मास्तर, त्यांना प्रभुभोजन द्यायला जाऊ या." बसमध्ये मूर्तिजापूर मागं पडलं. त्यांच्या मांडीवर जुन्या उपासनेचं पुस्तक उघडं होतं, आणि ओठ हलत होते.

ती आमची शेवटची भेट. खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून नव्या साहेबांनी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला ठेवला. मग जुनं पुस्तक उघडलं.

"साहेब, जुन्या रीतीनं गाऊन करू? पण सूर चुकेल माझा."

जुन्या साहेबांनी उशीवरून मान उचलायचा प्रयत्न केला. मी पाठीला हात दिला. अंगात काहीच उरलं नव्हतं.

"तुले येते तसं कर, बापा," ते म्हणाले. "मले त् फक्त घ्याचं हाय."

आणि त्यांनी भाकरीसाठी तोंड उघडलं.