हरण्याची नोकरी

लेखणी उशिरा हाती धरणाऱ्याने दुसऱ्याचे चित्र रेखाटावे, या धार्ष्ट्याबद्दल क्षमा असावी.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात साहेबलोकांशी टेनिस खेळण्यासाठी एक पगारी खेळाडू होता. मुद्दाम जाळीत चेंडू मारण्यापूर्वी तो तळहात विजारीला पुसत असे. एकदा नव्या साहेबाने दम दिला, "खरा खेळ, नाहीतर नोकरी गेली." त्याने तळहात पुसला आणि तो इतक्या निकराने हरला, की साहेबाने खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

"हरायचा पगार साहेब देत्यात, मास्तर," शाळा सुटल्यावर मला टेनिस शिकवताना तो म्हणाला, "तुमच्यासंगं मी खरंच खेळतोय की."

पुढे मार्गशीर्षात मी, एका नवशिक्याने, त्याला हरवले. शेवटच्या चेंडूआधी त्याने तळहात पुसला होता.

वाचकहो, थंडीतही तळहाताला घाम येतो ना?