शेळीचा पिक्चर परदेशी जाऊन आला

किश्श्यांचं आमच्याकडच्या शेळीसारखं असतं बघा. एक दावणीला बांधली की गप बसत नाही. ती जुळं देते, त्या जुळ्यांना पुन्हा जुळी होतात, आणि एक दिवस स्वतःच्याच अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही! पुण्याच्या मृणालताईंनी आमच्या शेळ्यांवर पिक्चर काढला, तेव्हापासून माझं अंगण असं भरलंय.

पिक्चर म्हणजे नाचगाण्याचा न्हाय. डॉक्युमेंटरी. म्हणजे जे रोज फुकट दिसतं, तेच अंधारात बसून बघायचं, असं मी लोकांना समजावून सांगतो.

मी भानुदास. सातवीत मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर अजून वाद आहे. परंड्याच्या अलीकडं आमचं गाव. पिक्चरमध्ये आम्ही तिघं: मी, शेळ्यांचे व्यापारी रज्जाकभाई आणि शेळ्या राखणारा किसन. लहानपणापासूनचे दोस्त, म्हणजे एकमेकांची लाज काढायला कायम मोकळे.

*

पहिल्या दिवशी मृणालताई चहाच्या हॉटेलात आल्या. बरोबर कॅमेरावाला निखिल. ताईंनी हात जोडले. "आमच्याकडं अजिबात लक्ष देऊ नका. रोज जसं असतं, तसंच राहा."

किसननं मला बाजूला घेतलं. "भान्या, तसंच म्हंजी कसं रं?"

म्हटलं, "पोरीच्या लग्नात होतास, तसं."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ताई कॅमेरा घेऊन हजर. बघतात तर काय! किसन पांढऱ्या कोटात, डोक्याला गुलाबी फेटा. शेळ्यांना आंघोळी घातलेल्या, शिंगांना लाल रंग, कपाळाला कुंकू. किसनचं बघून शेजारच्या बायकाही जागच्या हलल्या, आणि जरीच्या साड्या नेसून शेण भरायला बसल्या!

ताईंनी कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही रोज असेच शेळ्या चारता?"

"व्हय ताई," किसन म्हणाला. "सणासुदीला जरा भारी कापडं घालतो."

*

किसनला नटायला कारण होतं बरं का. त्याचे व्याही गणपतराव. उमरग्याला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, पोरीचे वडील काय करतात? तर गणपतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेरडामागं हिंडत्यात की!" पंगत हसली. किसनचा घास तसाच तोंडात राहिला.

तेव्हापासून त्याच्या मनात एकच. मला म्हणाला, "भान्या, त्या मानसानं मला एकदा पडद्यावर बघितलं पायजे. माझा नुसता डोळा त्याच्या दुकानातल्या टायरायवढा दिसला पायजे!"

पण झालं असं, की किसन बोलायला लागला की अर्ध्या वाक्यात कॅमेऱ्यात डोकवायचा. "शेळी आजारी पडायच्या आदी रवंथ सोडती बघा... येतंय का ओ तोंड?"

निखिल म्हणायचा, "काका, येतंय. तुम्ही ताईंकडं बघून बोला."

किसन लगेच ताईंकडं वळायचा. "ताई, ह्यो म्हनतोय येतंय म्हनून. खरंच येतंय का?"

*

रज्जाकभाईंच्या सदऱ्याला एकदा बारका माइक लावला. तार न्हाय, काय न्हाय. आवाज लांबवर थेट ताईंच्या कानात. दुपारी सगळे जेवायला उठले, आणि भाई माइक तसाच लावून घरी गेले.

घरात शिरल्या शिरल्या शरीफाभाभीला म्हणाले, "वो पुण्याची पोरगी आज आपल्याकडं जेवायला हाय. नुसती काडी झालीया. दोनच भाकरी द्या म्हनंल, तिचं काय ऐकू नको. चार वाढ. आणि मला आठवन कर, पिक्चरबद्दल काय विचारलं तर लई भारी हाय म्हनायचंय. मला तर काय बी कळंना ती काय काढतीया!"

घटकाभरानं ताई जेवायला बसल्या. भाभी भाकरी घेऊन आल्या, तर ताई मान खाली घालून म्हणतात कशा, "चाची, चारच हं. पाचवी नको. आणि चाचांना सांगा, मलाही अजून काही कळलेलं नाही!"

*

शेळी वितानाचा शॉट ताईंना पाहिजेच होता. किसनची काळी गाभण होती. निखिल तिच्यापाशी कॅमेरा लावून मुक्कामाला. तो अंग खाजवायला उठला तरी काळी त्याच्याकडं संशयानं बघायची.

शेवटी एकदा त्यानं बॅटरी बदलायला पाठ फिरवली, आणि तेवढ्यात काळीनं पिल्लू दिलं! ताईंचं तोंड एवढंसं झालं.

किसन म्हणाला, "रडू नगासा ताई. आमच्या शेळ्या रिटेक देत्यात. दुसरं हाय अजून पोटात."

पळापळ झाली. निखिलनं कॅमेरा खांद्यावर घेतला. दुसऱ्या पिल्लाचे खूर दिसायला लागले... आणि शहरातलं पोरगं ते! डोळे पांढरे झाले, गेलं उताणं. कॅमेरा आभाळाकडं. पिक्चरमध्ये ऐन वेळी नुसतं आभाळ, एक घार आणि मागून किसनचा आवाज, "आरं, आदी ह्याला पानी पाजा!"

पुढं कुठल्याशा फेस्टिव्हलात याच शॉटला बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, जन्माच्या क्षणी आकाशाकडं बघण्याइतका संयम फार थोड्यांकडं असतो.

निखिल आता त्यावर भाषणं देतो.

*

एका बर्फाच्या देशातल्या फेस्टिव्हलाला रज्जाकभाईंना बोलावणं आलं. हजसाठी काढून ठेवलेला पासपोर्ट आमच्यात त्यांच्याचकडं होता. पिक्चरभर भाई खुर्चीत झोपले. पिक्चर संपल्यावर तिथं लोक प्रश्न विचारतात. एक गोरी बाई उठली. ताईंनी तिचं मराठीत सांगितलं, "चाचा, त्या विचारतायत, आयुष्यभराच्या अनुभवातून तुम्ही जगाला काय सांगाल?"

भाईंनी दाढीवरनं हात फिरवला. "दात बघितल्याबिगर शेळी घिऊ नका. मालक कितीबी गोड बोलू द्या."

ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. सगळं थेटर उभं राहिलं. टाळ्या थांबेनात! काही जणांच्या तर डोळ्यांत पाणी.

परत आल्यावर भाई मला हळूच म्हणाले, "भान्या, तिकडं पन लई लोकांची फसवनूक झालेली दिसती."

*

एवढं सगळं जगानं बघितलं, पण गावानं न्हाय! ताई मला म्हणायच्या, "नाना, फेस्टिव्हलांचा नियम असतो. त्यांचं संपल्याशिवाय इकडं दाखवता येत नाही." म्हणजे पोर आमचं, आणि बारसं सगळं परमुलखात.

तोवर पोस्टर तेवढं आलं. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी वाकवलेल्या पानांच्या जोड्या छापलेल्या. जेवढी फेस्टिव्हलं तेवढ्या जोड्या. "ही मानाची पानं असतात नाना," ताई म्हणाल्या. मी शरीफाभाभीकडनं पिठाची खळ करून घेतली आणि एसटीच्या थांब्यावर पोस्टर चिकटवलं. चांगली जाड खळ लावली. निघायला नको म्हणून.

सकाळी जाऊन बघतो तर भिंत चाटून साफ! खाली किसनची काळी उभी, तोंडाला पिठाचा पांढरा पट्टा.

मी ताईंना फोन लावला. "ताई, पिक्चर गावात पसंत पडला. आमच्या प्रेक्षकानं मानाची पानंसुद्धा शिल्लक ठेवली न्हाईत!"

*

मग एकदाचा गावातला खेळ ठरला. शाळेच्या मैदानावर, दोन बांबूंना पांढरा पडदा. किसननं उमरग्याला स्वतः जाऊन आवतण दिलं. "पाव्हनं, माझा पिक्चर हाय. यायलाच पायजे."

संध्याकाळी ताई आल्या आणि मला शाळेच्या मागं घेऊन गेल्या. चेहरा उतरलेला. "नाना, किसनकाकांचं सगळं कापलं गेलंय हो. प्रत्येक वाक्यात ते कॅमेऱ्यात बघतात. एकही तुकडा वापरता आला नाही. फक्त त्या आभाळावर एकदा आवाज येतो, आणि एकदा पाठ दिसते."

"आन त्येला म्हाईत हाय?"

"नाही. कसं सांगू? ते व्याह्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसलेत."

मला चेष्टा सुचली नाही, असा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग असावा. मैदानावर जाऊन बघितलं. गणपतराव प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, माल तपासायला आल्यासारखे. शेजारी किसन, पांढऱ्या सदऱ्यात, कडक इस्त्री. त्याची पोरगी मागं उभी राहून सासरच्या बायकांना सांगत होती, "आता येतील बघा आमचे आबा." मी किसनच्या मागं जाऊन बसलो.

पिक्चर सुरू झाला. रज्जाकभाई आले, शिट्ट्या. मी आलो, जास्त शिट्ट्या. आभाळ आलं, घार आली. पाठही येऊन गेली. ती किसनची आहे, हे किसनला सुद्धा कळलं नाही.

गणपतरावांनी घसा खाकरला. "पाव्हनं, तुमी कवा येनार?"

"येतोय की. दम धरा जरा," किसन म्हणाला. पण मला मागून त्याची मान दिसत होती. घामानं भिजलेली.

मग तो शॉट आला. उतरणीवरनं शेळ्या घराकडं येतात. लांबलचक. माणूस न्हाय, बोलणं न्हाय, नुसता खुरांचा आवाज. शूटिंगच्या वेळी इथंच किसन बोलला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. ताईंनी तोंडावर ओढणी धरली.

किसन उठला.

मला वाटलं, घरी निघाला. तर हा सरळ पुढं गेला आणि पडद्यासमोर उभा राहिला, मशीनच्या उजेडात. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरनं शेळ्या चालायला लागल्या. खांद्यावरनं उतरायच्या, पोटावरनं पलीकडं जायच्या. तो कुठंच डोकावला नाही. लोकांच्या वर कुठंतरी बघत बोलायला लागला.

"शेळी आजारी पडायच्या आदी रवंथ सोडती. रातीचा आवाज बंद झाला, की मला जाग येती. म्या उठून एकेकीच्या अंगावरनं हात फिरवतो. अंधारात बी हाताला कळतं, कुनाचं काय दुखतंय. माझ्या बानं मला यवढंच शिकवलं. ह्याच्यावरच पोरगी शिकली, नांदायला गेली."

आणि मग त्यानं तोंडाशी हात धरून हाक दिली, "हुर्रर्र... ये गं काळेऽ!"

मैदानाच्या पलीकडं, सगळ्या गावातल्या गोठ्यांतनं शेळ्या ओरडायला लागल्या.

शॉट संपला. किसन येऊन खुर्चीत बसला. टाळ्यांनी पुढचा पिक्चर कुणाला ऐकूच आला नाही. पोरगी डोळे पुसत होती, ताई पुसत होत्या. एकटे गणपतराव हलले नाहीत. पार शेवटपर्यंत पडद्याकडं बघत राहिले.

दिवे लागले. गणपतराव उठले, किसनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पिक्चर झाक हाय पाव्हनं. पन मला एक सांगा, तुमचा यवढाच भाग थ्रीडीत काढलाय व्हय?"