दारापेक्षा मोठं चित्र

तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि माझे हे गुडघे. कामोठ्याला मुलाकडे राहायला आले तेव्हा निदान संध्याकाळी खाली बाकड्यावर जाऊन बसत होते. आता खाली उतरायचं म्हणजे दोघांनी धरायचं, तेही कुणाचं लग्नबिग्न असेल तर. सारसोळ्यात जन्मले, नेरूळच्या बाजारात मासळी विकून म्हातारी झाले. दिवसभर शंभर माणसांशी हुज्जत घालणारी बाई मी, आणि आता बोलायला एक सून आणि एक कुकर.

सूनही माझ्यासारखीच अडकलेली. ऑफिसात नकाशे काढायची. माझे गुडघे गेले तेव्हा माझं करायला कोणी हवं म्हणून घरी बसली. तोंडानं कधी काही बोलली नाही हो. पण एके दिवशी सुतार आला, प्लायवूडचे दोन मोठे तक्ते जिन्यावरून तिरके करत वर आणले, आणि हॉलमध्ये डिंक नि स्क्रू लावून त्यांची एक चौकोनी फळी केली. पार छताला टेकायला आलेली. सांध्यात पुट्टी भरली, घासली, वर पांढरा रंग दिला. सांधा कुठं आहे ते हातानंसुद्धा कळेना.

"एवढी फळी कशाला गं बाय?"

"चित्र काढायचंय, आई. कापडावर रेघ सुटते. फळीवर धार येते."

मग काय, माझी खुर्ची कोपऱ्यात गेली. टीव्ही बेडरूममध्ये गेला. मला वाटलं देवबिव काढेल, निदान समुद्र. तर नुसते चौकोन आणि त्रिकोण! आधी चिकटपट्टी लावायची, मग ॲक्रिलिक रंग द्यायचा, तो वाळला की पट्टी ओढायची. टर्रर. खाली अशी धारदार रेघ, जशी पापलेटावर कोयत्यानं मारलेली चीर. निळ्यावर दुसरा निळा, मधे राखाडी पट्टे, एका बाजूला पिवळा त्रिकोण. चिकटपट्टीचे तुकडे माझ्या लुगड्याला चिकटायचे आणि मी ते घेऊन देवापाशी बसायचे. महिने गेले. मी तिला म्हणायचे, "यात माणूस कुठाय?" ती म्हणायची, "नाहीये, आई. माणसांचा कंटाळा आलाय." घरात माणूस म्हणजे मीच ना!

आणि एक दिवस वाशीच्या एका प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. फोटो पाहून तिचं चित्र घेतलं. पहिल्यांदाच. पोरगी किचनमध्ये जाऊन रडली आणि शिरा करून बाहेर आली.

तेव्हा कुठं मुलगा दारात उभा राहून टेपनं मापं घेऊ लागला. दार मोजलं, फळी मोजली, परत दार मोजलं.

"जात नाही," म्हणाला.

"तिरकी कर ना."

"तिरकी केली, उभी केली, आडवी केली तरी दारापेक्षा मोठी आहे ती. आत आले होते दोन तुकडे, आता झालाय एक."

सुनेनं फळीला पाठ टेकली आणि खाली बसली.

मुलगा तसा वाईट नाही, पण बापासारखाच, जिभेला हाड नाही. "मधोमध करवत मारू. तिकडे नेऊन परत जोडू. टेन्शन काय त्यात?"

मीच बोलले. "कापलेला मासा जोडलेला पाहिलायस का रे कधी? मी आख्खा जन्म कापले. एकही जुळला नाही."

"मग काय घराची भिंत पाडू?"

"भिंत नको. ग्रिल काप."

आमच्याकडे बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, त्यामुळे खिडकी चांगली भिंतभर. पण तिला जाड ग्रिल. आधी मी तिथं बोंबील वाळत घालायचे तर सोसायटीच्या सेक्रेटरीचे फोन यायचे. मग मुलानं दाट गजांची नवी बसवली. हातही बाहेर जात नाही.

"ग्रिल नाही कापणार," तो म्हणाला. "महाग आहे, आणि तू आहेस घरात."

"मी काय उडून जाईन?"

त्यावर सून हसली. रडता रडता हसली. तिचं ते हसू बघून त्यानं वेल्डरला फोन लावला.

सारसोळ्याहून माझा भाऊ दोर आणि चार माणसं घेऊन आला. फळीभोवती फिरला. "ताय, ही कंची होरी हाय? वल्ही कुठं हान?" असं म्हणून त्यानं पिशवीतून नारळ काढला, हळदीकुंकू काढलं. आमच्यात नवी होडी पाण्यात घालताना तिची पूजा केल्याशिवाय दोर कोणी सोडत नाही. त्याचं बोट पिवळ्या त्रिकोणाकडे निघालं तशी सून किंचाळली, "मामा, पुढून नको! मागून लावा!" मागून पाच बोटं लावली. नारळ खिडकीबाहेर फोडणार होता, तो मी मोरीत फोडायला लावला. खाली गाड्या लावलेल्या ना.

गज कापले, काचा काढल्या. माझ्या सगळ्या गोधड्या गुंडाळून, दोर बांधून फळी आडवी करून बाहेर ढकलली. दोघं वर दोर धरून, तिघं खाली. वाऱ्यानं ती एकदा गर्रकन फिरली. सुनेनं डोळे मिटले. भाऊ ओरडत होता, "हल्लू, हल्लू!" मग खालून आवाज आला, "टेकली!" आणि सगळे धावत खाली गेले. मी वर. टेम्पो सुरू झाल्याचं फक्त ऐकलं.

प्रदर्शनाला मला न्यायचं म्हणत होते. मीच नाही म्हटलं. तीन मजले उतरून चढायचे, त्यापेक्षा व्हिडिओ कॉल बरा. त्याच संध्याकाळी सुनेनं लावला.

"दिसतंय का, आई?"

"जरा मागं जा."

ती मागं गेली. अजून मागं. भलामोठा हॉल होता तो. आमच्या घरात त्या चित्रापासून कोणी चार हातांवर जाऊच शकलं नव्हतं, तिनं स्वतःसुद्धा नाही. फोनच्या तळहाताएवढ्या काचेत पहिल्यांदा मी ते आख्खं पाहिलं. ते निळे चौकोन एकामागोमाग एक आत आत गेलेले. पाहता पाहता ऊर भरून आला आणि जरा भीतीपण वाटली. एवढी सगळी जागा ती आमच्या हॉलमध्ये फळीला नाक लावून काढत होती.

"कसं वाटतंय?"

"बाजूला उभी राहा त्याच्या."

उभी राहिली. कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली आणि ती फोन विसरून तिकडे गेली. मला छत दिसत राहिलं. मी फोन ठेवला नाही.

मुलगा घरी आला तो खिडकीला प्लॅस्टिक लावायला लागला. म्हणाला, "वेल्डर उद्या सकाळी येतोय."

"परवा बोलव."

"आई, कबुतरं शिरतील."

"शिरू दे," मी म्हटलं, आणि त्याला माझी खुर्ची खिडकीशी सरकवायला लावली.