पक्कड अण्णांची काळी वायर

चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस माझ्या दुकानात तिसऱ्यांदा तोच डबा घेऊन आला, तेव्हा मी अवाक झाले. राग नंतर आला. कुळंदैवेलू अण्णांना दोन बोर्डांमधल्या चार वायरी जोडता येत नाहीत, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

"कण्णू, परत तेच," अण्णा म्हणाले. लाडानं ते मला कण्णूच म्हणतात. "तुझ्या टेबलावर नीट बोलतो, घरी नेला की बरळतो."

"तुमच्या घरात भूत आहे का, अण्णा?"

"असेल," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

माझं दुकान कोइमतूरला, गांधीपुरममध्ये. वडील गलाईच्या धंद्यापायी विट्याहून इकडे आले आणि सोनं गाळता गाळता इथेच म्हातारे झाले. मी सोन्याच्या वाटेला गेले नाही. छंदापायी काही ना काही जोडत बसणाऱ्यांना लागणारे मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले, सेन्सर, वायरी विकते. गिऱ्हाइकांत कॉलेजची पोरं जास्त. चौसष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन शिकायला आलेले अण्णा एकटेच. कपाळावर विभूतीची तीन बोटं, खिशात पक्कड.

त्या पकडीमुळेच त्यांना सगळे पक्कड अण्णा म्हणतात. लाल वायरीतून वीज येते आणि काळीतून परत जाते, एवढं पोरांनाही माहीत असतं. मांडववाले काय करतात, वायर वाचवायला लाल एका घरातून घेतात आणि काळी शेजारच्या घरात नेऊन जोडतात. अण्णांना असं कुठे दिसलं की पक्कड बाहेर. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ऐन नादस्वर टिपेला पोचला असताना त्यांनी खटकन वायर तोडली आणि मांडव अंधारात घातला. नवरदेवाच्या आईनं अपशकुन म्हणून तोंड वाकडं केलं. अण्णांनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "दोन घरांची काळी एकत्र करायची नाही. एक वेळ दोन घरांची भांडणं एकत्र करा." माझे वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

सगळे त्यांना हसायचे. मीही हसायचे. जित्याची खोड, आणखी काय!

त्यांच्या बायकोचं नाव रामात्ताळ. आम्ही अक्का म्हणतो. अक्कांची जीभ अशी की दुकानावरून जाताना सुद्धा टोला मारल्याशिवाय पाय उचलायचा नाही. "काय गं, खुर्चीला मुळं फुटली का तुला?" असं विचारायच्या आणि जाता जाता हातात फणसाचे गरे ठेवायच्या. त्यांची एक तऱ्हा मात्र होती. दिव्याचं बटण त्या स्वतःच्या हातानं कधी दाबायच्या नाहीत. संध्याकाळ झाली की शेजारणीला हाक मारायच्या, नाहीतर अण्णा येईपर्यंत अंधारात बसायच्या. लाइनमनच्या बायकोचा तोरा, असं आम्ही म्हणायचो.

एकच दुखणं होतं त्यांना. धाकटा भाऊ चिन्नराज एकतीस वर्षांपूर्वी विजेनं गेला. सोमनूरला त्याचे दोन यंत्रमाग होते. मेन स्विच बंद न करताच वायरीला हात घातला म्हणे. इकडे लेकराचे कान मामाच्या मांडीवर बसवून टोचतात. अक्कांच्या मुलीला मामाच उरला नव्हता, तर अक्कांनी भावाच्या धोतराची घडी पाटावर अंथरली आणि तिच्यावर लेक बसवली. हे मी नाही पाहिलं, आईनं सांगितलं.

आठ महिन्यांपूर्वी अक्कांना झटका आला. डोकं शाबूत राहिलं, पण जीभ गेली आणि उजवी बाजू गेली. डाव्या हातानं पाटीवर लिहायला गेल्या तर नुसत्या रेघोट्या. फोनच्या काचेवर बोट थरथरायचं. सगळं कळत होतं, सांगता काहीच येत नव्हतं. रोज एकदा तरी त्या डावा हात भिंतीवरच्या मेन स्विचकडे करायच्या. अण्णा पंखा लावायचे. त्या मान हलवायच्या. अण्णा पंखा बंद करायचे. मग त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या.

"तिला काहीतरी सांगायचंय, कण्णू," अण्णा मला म्हणाले होते. "पाणी नको, जेवण नको, काहीतरी दुसरंच. ते ऐकल्याशिवाय मला मरण नको."

म्हणून हा डबा. पंपाच्या स्टार्टरला असतात तसली मोठी गोल बटणं, एकेकावर इंग्रजी अक्षर. इकडे फोनवर सगळे तमिळ तसंच लिहितात. अक्कांनी डाव्या मुठीनं बटण दाबायचं, डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरनं ते अक्षर वायरीतून पाठवायचं आणि समोरच्या भिंतीवरच्या चार ओळींच्या डिस्प्लेवर ते उमटायचं. पोरं हे काम एका दुपारी करतात.

पहिल्या खेपेला अण्णांनी तोंडाला तोंड जोडलेलं निघालं. एका बोर्डाची बोलायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला लावायची असते, ते मी बदलून दिलं. दुसऱ्या खेपेला दोघांचा वेग वेगळा निघाला. एक भरभर बोलत होता, दुसरा सावकाश ऐकत होता. तोही जुळवून दिला. दोन्ही वेळा माझ्या टेबलावर स्वच्छ "वणक्कम" उमटलं, आणि दोन्ही वेळा घरी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तिसऱ्या खेपेला मला एकही चूक सापडेना.

"चला तुमच्या घरी," मी म्हटलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून डाव्या डोळ्यानं हसल्या. अण्णांनी सगळं जागच्या जागी लावलं. बटणांचा डबा अक्कांच्या मांडीवर, त्याचा अडॅप्टर खाटेजवळच्या सॉकेटमध्ये. डिस्प्ले समोरच्या भिंतीवर, त्याचा अडॅप्टर तिकडच्या सॉकेटमध्ये. मधली केबल भिंतीच्या कडेनं अशी रेखीव नेलेली की मला माझ्या कामाची लाज वाटली. मी केबलचं टोक उघडलं आणि बघतच राहिले. टेबलावर मी माझ्याच तारांनी जोडायचे; घरच्या या केबलमधली काळी वायर त्यांनी कापली होती. दोन्ही टोकांना टेप गुंडाळून, नीट निजवून ठेवली होती.

"अण्णा, ही कुणी कापली?"

"मी."

"अहो, हीच तर हवी. माझ्याकडे दोघं एकाच अडॅप्टरवर होते. इथे दोन वेगळे आहेत. दोघांची जमीन, म्हणजे ही काळी, एक नको का? एकाचं शून्य कुठे आहे ते दुसऱ्याला कळलंच नाही, तर तो अक्षर कशावरून ओळखणार?"

मी टेप सोडवायला गेले आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"दोन सॉकेट म्हणजे दोन घरं," ते म्हणाले. "काळी एकत्र नाही करायची."

"पाच व्होल्ट आहेत, अण्णा. मुंगी मरणार नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे?" माझा तोल गेला. "आठ महिने बाई मुकी पडलीय, आणि तुम्ही सोवळं पाळताय? ज्या वायरीसाठी माझ्या बहिणीचा मांडव अंधारात घातलात, तिच्यापायी आता बायकोलाही गप्प ठेवणार का?"

अण्णांनी हात सोडला. खाटेकडे पाठ केली आणि भिंतीशी बोलावं तसं बोलले.

"चिन्नराजला मी मारलं, कण्णू."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही गडबड झाली.

"आडी महिन्यात मारिअम्मन देवीचा उत्सव होता, मी आणि ही सोमनूरलाच होतो. देवळाच्या दिव्यांची माळ मी ओढली. लाल देवळाकडून आणली, आणि काळी चाळीस फूट कमी पडली. ती मी चिन्नराजच्या घरातल्या काळीला जोडली. तात्पुरती. त्याला सांगितलंही नाही. दुपारी तो आपल्या मागाची वायर दुरुस्त करायला बसला आणि तिकडे देवळापाशी मी माळ लागते का ते बघत होतो. माळेतून गेलेली वीज परत जायला वाट शोधत होती. तिला त्याचा हात सापडला. ओरडा ऐकून धावलो. तो गेलेला होता. कुणी बघायच्या आत मी माझा जोड काढून टाकला. चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं, पोरानं मेन बंद केला नसेल."

चेष्टा म्हणून ज्या पकडीला आम्ही इतकी वर्षं हसलो, ती पक्कड त्यांच्या खिशातून वर आलेली दिसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात खाटेवरून खाडखाड आवाज आला. अक्का मुठीनं बटणं दाबत होत्या. एकावर एक, थांबतच नव्हत्या. डोळे अण्णांच्या पाठीवर. समोर डिस्प्लेवर चौकोन, उलटीसुलटी अक्षरं, प्रश्नचिन्हं भराभर उमटत होती आणि पुसली जात होती.

अण्णा वळले. "काय म्हणतेय ती?"

"मला कसं कळणार?"

"काय म्हणतेय, कण्णू?"

"जोडा, म्हणजे कळेल," मी म्हटलं. मी स्वतः जोडू शकले असते. पण माझा हात पुढे झाला नाही.

अण्णा जमिनीवर बसले. टेप सोडवली. पकडीनं दोन्ही टोकं सोलली. आयुष्यभराच्या सवयीनं आधी बोटांची मागची बाजू तारेला लावून पाहिली आणि मग दोन्ही काळ्या तारा एकत्र पिळल्या. पिळताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

डिस्प्ले कोरा झाला. अक्कांची मूठ थांबली. त्यांनी घाम पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक अक्षर. आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो.

"मेन मी बंद केला होता."

मी आणि अण्णा, दोघांनीही ती ओळ वाचली.

"त्याने सांगितले म्हणून."

"दांडा खाली ओढला."

"नंतर बघितला तर वर."

अक्कांचा हात डब्यावर तसाच पडला होता. पुन्हा उचलला.

"नीट ओढला नाही मी."

"भावाला मीच मारले."

एकतीस वर्षं ही बाई दिव्याच्या बटणाला हात लावत नव्हती आणि आम्ही तिला तोरा म्हणत होतो. त्या धोतराच्या घडीवर लेक बसवताना तिच्या मनात काय चाललं असेल, याचा विचारही मला सोसेना. आणि ते मेन स्विचकडे रोज हात करणं! आठ महिने ती कबुली देत होती आणि हे पंखा लावत होते.

पण माझं मन एकाच शब्दाला अडकलं होतं. वर. वर म्हणजे चालू. तिनं दांडा खाली ओढला, मग तो वर कसा दिसला? मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नीट ओढला होतास तू," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा दांडा खालीच होता, रामात्ताळ. पूर्ण खाली. वीज मेनमधून नाही, माझ्या काळीतून आली होती. साहेब यायच्या आधी वर मी केला."

खोटं पटावं म्हणून. तो मुलगा निष्काळजी होता असं दिसावं म्हणून. हाच माणूस माझ्या बहिणीच्या मांडवात हात पुसत उभा होता, आणि मी मनातून त्याला मानत होते. मला त्याचा इतका राग आला की त्याच्याकडे बघताना माझे दात एकमेकांवर घासत होते, आणि त्याच वेळी त्याला धरून खाली बसवावं असंही वाटत होतं, कारण तो पडेल असं दिसत होतं.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, खूप वेळ, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग माझा हात आपल्या निर्जीव उजव्या हातावर ठेवून घेतला आणि डाव्या मुठीनं बटणं दाबली. आता त्या माझ्याशी बोलत होत्या, पण वाचलं आधी अण्णांनीच.

"ह्यांना बाहेर जायला सांग."

अक्षर न् अक्षर स्वच्छ उमटलं होतं. चूक नाही, चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. मला सांगावं लागलं नाही. अण्णांनी पक्कड जमिनीवर ठेवली, उंबरा ओलांडला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी अक्कांपाशी बसून राहिले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. अक्का छताकडे बघत होत्या. त्यांची मूठ बटणांवर होती, पण एकही बटण दाबलं जात नव्हतं. डिस्प्लेवर ती एकच ओळ होती.

पायरीवरून थोड्या थोड्या वेळानं आवाज यायचा.

"कण्णू, काही उमटलं का?"

"नाही, अण्णा."