आबांच्या हत्यारांचं गाठोडं

माझ्या आईच्या पायात मी कधी चप्पल पाहिली नव्हती. रानात अनवाणी, बाजाराला अनवाणी, आणि माझ्या लग्नात सांगलीच्या कार्यालयातसुद्धा जरीच्या लुगड्यावर अनवाणीच. सासरची माणसं खाली बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "सवय न्हाई गं मला," एवढंच ती म्हणायची. आम्हीही ते धरून चाललो. आईला वांगं आवडत नाही, तशी चप्पल आवडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या तळपायात काटा मोडला. शुगरमुळे तिच्या पायांना काही कळत नाही. तीन आठवडे ती त्या काट्यावर चालली आणि वास यायला लागला तेव्हा धाकट्या भावजयीनं मला फोन केला. मी तिला गावाहून विश्रामबागेत माझ्याकडे घेऊन आले. आमचं गाव कुंडलच्या अलीकडे, गाडीनं तासाभराचं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि माझ्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, "अनवाणी चालल्या तर ही भरायची नाही. मग बोट काढावं लागेल, पुढं पाऊलही." मऊ तळव्याच्या, पट्ट्यांच्या चपला त्यांनी लिहून दिल्या. मी तिथल्या तिथं घेतल्या. दिसायला अगदीच धोंड्यासारख्या होत्या, पण घेतल्या.

आईनं त्या मांडीवर ठेवल्या. पायात घातल्या नाहीत.

रिक्षात माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. पाय गेल्यावर तुला उचलायचं कुणी, मी का सुनेनं, असंही बोलले. रिक्षावाला आरशातून बघत होता. आई चपला मांडीवर धरून बसली होती. घर आलं तेव्हा ती म्हणाली, "मी बोलून बसलीया. आता मोडायचं म्हंजे तुझ्या बाच्या जिवावर."

ते समजायला आबांबद्दल सांगायला हवं.

आमचं घर सुताराचं. आबांचे वडील गावचे सुतार, आबाही सुतार. नांगर, बैलगाडीची चाकं, लग्नाचे पाट, पाळणे, सगळं आमच्या अंगणातून जायचं. सुगीला शेतकरी बलुतं म्हणून जोंधळा घालायचे. आबा विशीत होते तेव्हा गावची चार पोरं साताऱ्याला भरतीला निघाली. आबा नुसते सोबतीला गेले होते. त्या चौघांतला एक घेतला, तीन परत आले आणि सोबतीला गेलेले आबा फौजेत लागले. लष्कराला सुतारही लागतात, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईआधी ते दसऱ्याच्या सुट्टीवर घरी आले होते. मी तेव्हा मांडीवरची. सुट्टीवर आले तरी त्यांना करमायचं नाही, हत्यारं काढून काही ना काही करत बसायचे. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्यात हत्यारांची पूजा होते. वाकस, पटाशी, करवत, रंधा, सगळी धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ज्याची त्यानं आपली हत्यारं उचलायची आणि थोडं का होईना काम करायचं. पूजा झाली, नैवेद्य दाखवला आणि दुपारी तार आली. आबा संध्याकाळच्या एस.टी.नं गेले. हत्यारं पाटावर तशीच राहिली.

त्या दिवशी आईनं ग्रामदेवीपुढं बोलून टाकलं. मालक येऊन आपल्या हातानं हत्यारं उचलतील, काम करतील, तवाच पायात घालीन.

आबा चार महिन्यांनी आले. लढाईत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. पुलाचा लोखंडी भाग सुटून हातावर पडला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. पारावर म्हातारे विचारायचे, "गोळी लागली का रं?" आबा खरं सांगायचे, "न्हाई, लोखंड पडलं." मग म्हातारे जरा हिरमुसायचे. आबांनी थोडं खोटं बोलायला काय हरकत होती, असं मला अजून वाटतं.

पेन्शन सुरू झाली. पुढं साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी मिळाली. हत्यारांना मात्र त्यांनी हात लावला नाही. शेजारी रंध्याचा आवाज आला की ते उठून रानाकडे जायचे. घरातला पाट डुगडुगला तरी पलूसहून दुसरा सुतार यायचा. सुताराच्या घरात सुतार, लोक हसायचे. आईनं ती हत्यारं हळदकुंकवासकट एका धडप्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. दर खंडेनवमीला ती शिडी लावून चढायची आणि न सोडताच गाठोड्याला कुंकू लावून खाली यायची. आम्हाला वाटायचं, रीत असेल.

"अगं, नुसतं 'परत येऊ दे' एवढं मागायचं नाहीस का?" घरात आल्यावर तिनं हे सांगितलं, तेव्हा मी सोफ्यावर बसून कपाळावर हात मारला.

ती नव्या चपलेचा पट्टा चाचपत राहिली.

"मग आबांना कधी सांगायचं तरी."

"काय सांगू? तुमी हत्यारं उचला म्हंजे मी चप्पल घालते? त्यांच्या त्या हाताकडं बोट दाखवल्यागत झालं असतं. आदीच माणूस मनात कुढत हुता. आनि नुसतं उचलून चालत न्हाई. काम केलं पायजे."

पन्नासच्या वर वर्षं. मला तिचा राग आला, आबांचा आला, देवीचासुद्धा आला. आणि मी माझ्या लग्नात हिच्या पायांची लाज धरली होती, ते आठवून स्वतःचा तर फारच आला.

रविवारी मी तिला घेऊन गावी गेले. तिला आत निजवलं आणि अंगणात आबांपुढं बसून सगळं सांगून टाकलं. आईनं सांगू नको म्हणून शपथ घातली होती, ती मी मोडली. पाय जाणार की शपथ, एवढा हिशोब मला येतो.

आबा म्हणाले, "दर दिवाळीला चपला आनायचो मी तिला. मिरजेहून. ती जावंला न्हाईतर नणंदंला देऊन टाकायची."

"मग तुम्ही विचारलं नाही का?"

"मला वाटलं, हात गेल्याच्या पेन्शनीतलं हाय, तिला अंगाला लावायचं नसंल." त्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. "गाठोडं काढ."

भावानं ते खाली आणलं. धडपं इतकं जुनं की गाठ सोडताना फाटलं. आत सगळं गंजलेलं, त्यावर जुन्या हळदीचे काळपट डाग. आबांनी रंध्याचं पातं काढलं, दगड मागितला आणि पाणी घालून तासभर ते घासत बसले. डाव्या हातात पातं, उजव्या हाताचा उरलेला तळवा वरून दाबून धरलेला. आम्ही कुणी मदतीला गेलो नाही. भाऊ एकदा पुढं सरकला, पण मी त्याला डोळ्यांनीच मागं बसवला.

आई भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. आबांच्या पुढ्यातली हत्यारं तिला दिसली आणि ती तिथंच खाली बसली.

मोरीचं दार कित्येक वर्षं चौकटीला घासायचं. भावानं ते बिजागरीतून काढून दिलं. आबांनी ते आडवं धरायला लावून रंधा मारला. रंधा अडकला, लाकडाला खड्डा पडला. त्यांनी फौजेतली एक शिवी घातली. पुन्हा मारला, पुन्हा अडकला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पुरे आबा, झालं काम, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मग त्यांनी उजव्या हाताचा नाद सोडला, त्या हाताचं कोपर वरून दाबलं आणि डाव्या हातानं रंधा ओढला. लाकडाची लांब, पातळ साल निघून खाली पडली. त्यानंतर ते थांबेचनात. कडा पुरती सरळ झाल्यावरच त्यांनी रंधा खाली ठेवला.

ते उठले, माझ्या पिशवीतून त्या धोंडा चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी आईपुढं उकिडवे बसले. तिचा बँडेजचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. पन्नास वर्षांच्या भेगा त्या पायाला होत्या.

"खुळे," ते म्हणाले, "सादं 'परत येऊ दे' म्हनायचंस की. त्ये तर लगीच फिटलं असतं."

मी विचारलं तेव्हा आई गप्प राहिली होती. आता म्हणाली, "त्ये म्हनायचं तर तुमी येनार न्हाई, असं आदी मनात आनावं लागलं असतं. म्या त्ये आनलंच न्हाई. तुमी येनारच हुता. येऊन काम करनारच हुता. म्हनून पुढचं मागितलं."

आबा डाव्या हातानं तिच्या चपलेचा पट्टा लावत राहिले.